कैरी, पन्हे आणि मुरांबा : काही शब्दांचा इतिहास

खाद्यपदार्थांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे पहिली अडचण साधनांची येते. इनामे, वतने, स्वाऱ्या यांचे कागद जपले गेले. स्वयंपाकघरातील कृती मात्र सासूकडून सुनेकडे तोंडी जात राहिल्या, आणि पाकक्रियेची छापील मराठी पुस्तके पुष्कळ उशिरा आली. अशा स्थितीत पदार्थांची नावे हीच एक साक्ष उरते. ही साक्ष घेताना दोन चुका वारंवार होतात. एक, शब्द परका दिसला की पदार्थही परका ठरविणे. आणि दुसरी, शब्द ओळखीचा वाटला की त्याची व्युत्पत्ती कानाला गोड लागेल तशी लावणे. आंब्यापासून होणाऱ्या पेयांची व पदार्थांची मराठी नावे या दोन्ही चुकांची उत्तम उदाहरणे पुरवितात. त्याचबरोबर ती आणखी एक गोष्ट दाखवितात, आणि तिच्याकडे लक्ष गेलेले दिसत नाही : आंब्याचे कौतुक पिकलेल्या फळाचे होते, पण भाषेने श्रम घेतले आहेत ते कच्च्या फळावर.

मराठीत एकाच फळाला दोन स्वतंत्र नावे आहेत. झाडावर हिरवी आहे तोवर ती कैरी, पिकला की तो आंबा, लिंगसुद्धा बदलते. हा भेद सर्व भारतीय भाषांत असाच नाही. गुजरातीत ‘केरी’ हे फळाचे सामान्य नाव आहे, मग ते कच्चे असो की पिकलेले, आणि ‘आंबो’ म्हणजे झाड. हिंदीत ‘आम’ला ‘कच्चा’ हे विशेषण लावून काम भागते. तमिळमध्ये मराठीसारखाच भेद आहे : कच्चा तो ‘मांगाय्’, पिकलेला तो ‘मांबळम्’. यांतील ‘काय्’ म्हणजे कच्चे फळ व ‘पळम्’ म्हणजे पिकलेले. तमिळची ही रचना पुढे उपयोगी पडणार आहे.

‘आंबा’ शब्दाची व्युत्पत्ती निर्विवाद आहे. संस्कृत ‘आम्र’, पाली-प्राकृत ‘अंब’, मराठी ‘आंबा’. म आणि र यांच्या मध्ये उच्चाराच्या सोयीसाठी ब येणे व मग र चा लोप होणे, हा बदल ‘ताम्र’पासून झालेल्या ‘तांबे’ या शब्दातही दिसतो. घोटाळा होतो तो दुसऱ्या एका शब्दामुळे. संस्कृत ‘अम्ल’, म्हणजे आंबट, यातही म नंतर अंतस्थ वर्ण आहे आणि तेथेही ब शिरला. ‘आंबट’, ‘आंबणे’, ‘आंबील’ हे सारे या दुसऱ्या घराण्यातले. परिणामी मराठीत ‘आंब-’ ने आरंभ होणारा शब्द समोर आला म्हणजे तो आम्राचा की अम्लाचा, हे प्रत्येक वेळी निराळे ठरवावे लागते. आमटीत आंब्याचा अंश नाही. तिच्यात आहे तो अम्ल, म्हणजे चिंच किंवा आमसूल. उलट ‘आंबोशी’, म्हणजे कैरीच्या वाळविलेल्या फोडी, चवीने कितीही आंबट असली तरी तिचे मूळ ‘आम्रपेशी’ मानण्यात ध्वनिदृष्ट्या अडचण नाही : प चा व, आणि ‘अव’ चा ‘ओ’, हे दोन्ही बदल मराठीत नित्याचे आहेत.

आंबोशीच्या या व्युत्पत्तीला केवळ ध्वनिनियमांचा आधार आहे असेही नाही. पाली विनयपिटकातील चुल्लवग्गात ‘अम्बपेसिका’ हा शब्द एका कथेत येतो. मगधाच्या बिंबिसार राजाने आपल्या उद्यानातील आंबे भिक्षूंना खुले केले. काही भिक्षूंनी मर्यादा सोडून कोवळी फळेसुद्धा उतरवून खाल्ली, आणि राजाला आंबा हवा झाला तेव्हा झाडावर काही उरले नव्हते. लोकांत टीका झाली, आणि आंबा खाण्यास मनाई झाली. पुढे एका भोजनप्रसंगी सूपात आंब्याच्या फोडी घातलेल्या होत्या. भिक्षूंना ते खावे की नाही असा संकोच पडला, तेव्हा फोडींना परवानगी देण्यात आली. धर्मकथा म्हणून तिचे जे मोल असेल ते असो. पाकशास्त्राच्या इतिहासकाराला तिच्यातून एवढे मिळते की वरणासारख्या पातळ पदार्थात आंब्याच्या फोडी घालण्याची रीत त्या काळी इतकी सामान्य होती की नियम करणाऱ्यांना तिची स्वतंत्र दखल घ्यावी लागली. वरणात कैरीची फोड टाकणाऱ्या कोकणातील किंवा देशावरील गृहिणीला यात नवल वाटणार नाही.

पेयाचा पुरावा याहून महत्त्वाचा आहे. भिक्षूंना मध्याह्नीनंतर घन आहार वर्ज्य होता, पण पेय चालत असे; म्हणून कोणती पेये चालतात याची यादी करणे भाग पडले. महावग्गात केणिय जटिलाच्या कथेत अशा आठ पेयांना मान्यता दिली आहे आणि त्यांत पहिले नाव ‘अम्बपान’ हे आहे. जांभूळ, केळी, मध, द्राक्षे, फालसा इत्यादी त्याच्यानंतर. हे आंब्याचे पेय म्हणजे पिकलेल्या फळाचा रस की कैरीचे पेय, हे मूळ ग्रंथ सांगत नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपात रचलेल्या, बुद्धघोषाच्या नावावर असलेल्या ‘समन्तपासादिका’ या टीकेत मात्र ते स्पष्ट केले आहे. टीकाकाराच्या मते अम्बपान कच्च्या आंब्यांचेही होते व पिकलेल्यांचेही. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की पहिली सविस्तर कृती तो कच्च्यांची देतो : कोवळे आंबे फोडून पाण्यात टाकावेत, उन्हात ठेवून सूर्याच्या उष्णतेने शिजवावेत, गाळून घ्यावेत, आणि मध, साखर, कापूर आदी घालून तयार करावे. कापराच्या जागी वेलदोडा घातला की चैत्रातील पन्ह्याची ओळख पटते.

येथे अभ्यासकाने थोडे थांबले पाहिजे. ‘पंधराशे वर्षांपूर्वीची पन्ह्याची कृती’ असे शीर्षक देण्याचा मोह सहज होईल, परंतु ही कृती घराघरांत होती तशीच उतरविली आहे असे मानता येत नाही. उन्हात शिजविण्याचा आग्रह हा जिभेचा नव्हे, नियमाचा आहे : अग्नीवर शिजविलेले पेय भिक्षूला अपराह्णी चालत नसे, थंड किंवा सूर्यपक्व चालत असे. गृहस्थाला असे बंधन नव्हते. त्याच्या चुलीवर कैरी उकडली किंवा निखाऱ्यात भाजली जात असेल, तर ते या टीकेतून कळण्याचा मार्ग नाही. नियमग्रंथ हा व्यवहाराचा आरसा खरा, पण तो नियमाच्या चौकटीत बसविलेला असतो. शिवाय मगध, सिंहलद्वीप आणि महाराष्ट्र यांना एका ओळीत बसवून परंपरेची अखंड साखळी जोडणेही घाईचे होईल. ठामपणे म्हणता येते ते इतकेच : कच्च्या आंब्याचा आंबटपणा पाण्यात उतरवून, गाळून, गोड व सुगंधी करून पिण्याची कल्पना या उपखंडात प्राचीन आहे, आणि साखर हा तिचा तेव्हाही घटक होता.

या पार्श्वभूमीवर ‘पन्हे’ शब्दाकडे पाहावे. अर्थाच्या दृष्टीने त्याचे नाते संस्कृत ‘पानक’ शब्दाशी आहे, हे सांगावयास नको. हिंदी ‘पना’ही त्याच कुळातला. पण ध्वनीचे नाते इतके सरळ नाही. संस्कृतातील दोन स्वरांमधल्या एकेरी न चा मराठीत नियमाने ण होतो : ‘पानीय’ चे ‘पाणी’ झाले, ‘वन’ चे ‘वण’ हे ‘वणवा’ शब्दात उरले. ‘पानक’ शब्द प्राकृतातून वारसाने आला असता तर त्यात ण दिसावयास हवा होता. ‘पन्हे’त दन्त्य न आहे आणि वर ह सुद्धा. मराठीत ‘न्ह’ हा जोडध्वनी सामान्यतः ‘स्न’ किंवा ‘ष्ण’ यांपासून येतो : ‘कृष्ण’पासून ‘कान्हा’, ‘उष्ण’पासून ‘उन्हाळा’, ‘प्रस्नव’पासून गाईचा ‘पान्हा’. तेव्हा ‘पन्हे’ हे ‘पानक’ शब्दाचे सरळ अपत्य नव्हे. पाण्याइतका जुना व रोजचा शब्द ध्वनिनियमांच्या चक्रातून गेला. पन्हे त्या चक्रातून गेलेले दिसत नाही. पदार्थ जुना असला तरी त्याचे प्रचलित नाव तितकेच जुने असले पाहिजे असे नाही, याचे हे चांगले उदाहरण होय.

आता टिकाऊ पदार्थांकडे वळले असता चित्र आणखी बोलके होते. कैरी टिकविण्याचे दोन मोठे मार्ग : मीठ आणि साखर. मिठाच्या मार्गाला मराठीत ‘लोणचे’ म्हणतात, आणि त्यात संस्कृत ‘लवण’, मराठी ‘लोण’, उघड दिसते. उत्तरेकडे फारसीतून आलेल्या ‘अचार’ शब्दाने जी जागा घेतली ती मराठीत लोणच्याने सोडली नाही. साखरेच्या मार्गाला मात्र तीन नावे आहेत : ‘गुळांबा’, ‘साखरांबा’ आणि ‘मुरांबा’. पहिली दोन स्वच्छ आहेत. पूर्वपद गोड द्रव्याचे, उत्तरपद आंब्याचे. ‘मेथांबा’ही त्याच साच्यातला. तिसरे नाव मात्र वादाचे आहे.

‘मुरांबा’ म्हणजे मुरलेला आंबा, ही व्युत्पत्ती मराठी माणसाला इतकी सहज सुचते की ती तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. तिच्या बाजूने एक चांगला युक्तिवादही आहे. मराठीत ‘उकडांबा’ असा शब्द आहे : लहान रायवळ आंबे उकडून मोहरीच्या खारात घालतात तो. येथे पूर्वपद ‘उकड’ हा धातू आहे. ‘उकड’ धातूपासून उकडांबा, तसा ‘मुर’ धातूपासून मुरांबा. रचनेत कोठेही खोट नाही. तरीही ही व्युत्पत्ती मूळची मानता येत नाही. अरबी ‘मुरब्बा’, वाढविलेला, जोपासलेला, आणि मग पाकात जपून ठेवलेला, हा शब्द फारसीच्या द्वारे हिंदी, गुजराती इत्यादी भाषांत सर्वत्र पसरला आहे, आणि तो कोणत्याही फळाला लागतो. मराठीतही ‘अननसाचा मुरांबा’, ‘सफरचंदाचा मुरांबा’ असे बिनदिक्कत म्हटले जाते. ज्याच्या उत्तरपदात आंबा आहे असा शब्द अननसाला लावताना बोलणारा अडखळत नाही, याचे कारण तो शब्द मुळात आंब्याचा नव्हताच. ‘मुरब्बा’तील द्वित्त ब च्या जागी अनुस्वारयुक्त ब आला, कारण शेजारी गुळांबा व साखरांबा उभे होते, आणि आरंभीच्या ‘मुर’ला ‘मुरणे’ या धातूने आपलेसे केले. एका परक्या शब्दाची दोन्ही टोके अशी मराठी झाली. भाषाशास्त्रात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात, आणि तिला हसण्याचे कारण नाही, कारण ती पुढे खरी नवनिर्मिती करते. ‘मोरावळा’ हा शब्द पाहावा. ‘मुरांबा’ किंवा ‘मोरांबा’ याचे मनातल्या मनात ‘मोर’ आणि ‘आंबा’ असे दोन तुकडे झाल्यानंतरच, आंब्याच्या जागी आवळा बसवून ‘मोरावळा’ घडविता येतो. ज्या दिवशी तो घडला त्या दिवशी चुकीची व्युत्पत्ती व्याकरणात बरोबर ठरली.

यावरून साखरेत फळे टिकविण्याची विद्या महाराष्ट्रात मुसलमानी अमलाबरोबर आली असा निष्कर्ष काढावा काय? शब्दाच्या एकट्या बळावर काढू नये. ऊस व साखर येथली. कच्च्या आंब्याच्या पेयात साखर पडत होती हे वर आलेच आहे. गुळांबा हे नाव सर्वस्वी देशी. दरबारी प्रतिष्ठेबरोबर नाव आले आणि ते आधीच होत असलेल्या पदार्थाला चिकटले, ही शक्यता तितकीच बळकट आहे. पदार्थाचे नाव बदलावयास स्वयंपाक बदलावा लागत नाही.

सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर कैरीचे काय काय होत असे, याविषयी एक विश्वसनीय साक्षीदार आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याचा औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होते व तेथे त्याची आंब्याची झाडे होती. म्हणजे तो ऐकीव लिहीत नव्हता. आंबा साखरेच्या पाकात घालतात, शिरका, तेल व मीठ यांत घालतात, आत हिरवे आले व लसूण भरतात, नुसता खारवितात, शिजवितात, असे तो सांगतो. भरल्या कैरीच्या लोणच्याचे याहून नेमके वर्णन त्या काळात शोधूनही सापडणे कठीण. साखर आणि मीठ हे दोन्ही मार्ग त्याने एकाच दमात सांगितले आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

पोर्तुगिजांचा खरा ठसा मात्र कैरीवर नव्हे तर पिकलेल्या आंब्यावर उमटला. गोव्यात कलमांची पद्धत रुजली आणि एकेका झाडाचे गुण जसेच्या तसे पुढच्या पिढीत नेता येऊ लागले. त्याबरोबर झाडांना नावे मिळाली. ‘हापूस’ हा ‘अफोंसो’ या नावाचा अपभ्रंश, हे सर्वमान्य आहे. तो अफोंसो म्हणजे १५१० मध्ये गोवा घेणारा अफोंसो द आल्बुकर्क, असे बहुधा प्रत्येक ठिकाणी सांगितले जाते. परंतु निकोलाव मनूची या व्हेनिसच्या प्रवाशाने सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्याच्या आरंभी लिहिलेल्या ‘स्तोरिया दो मोगोर’ या ग्रंथात गोव्याच्या उत्तम आंब्यांची नावे दिली आहेत, आणि त्यांत ‘निकुलाव अफोंसो’ व ‘जुआनी परेरा’ ही नावे आहेत. ही सामान्य पोर्तुगीज माणसांची नावे होत. ‘हापूस’ व ‘पायरी’ यांचा उगम या यादीत पाहणे हे विजेत्या सेनापतीकडे धाव घेण्यापेक्षा अधिक सयुक्तिक आहे. थोर पुरुषाच्या नावाकडे लोकस्मृती ओढली जाते. बागाइतदाराचे नाव ती विसरते. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग व लगतच्या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा कोकणच्या भूमीचा गुण म्हणून जे नाव कायद्याने राखले गेले ते अशा एका विस्मृत अफोंसोचे असणे संभवते.

हापूस, पायरी, मानकुराद, मुसराद, फर्नांदीन ही सारी विशेषनामे किंवा विशेषनामवजा शब्द होत. पिकलेल्या आंब्याचा शब्दसंग्रह वाढला तो अशा नावांनी. क्रियेचे, संस्काराचे शब्द मिळविले ते कैरीने. कारण उघड आहे : पिकलेले फळ हाती येते तेव्हा त्याला काही करावे लागत नाही, आणि ते थांबतही नाही. कैरीला मात्र उकडावे, किसावे, खारवावे, वाळवावे, मुरवावे लागते.

हीच गोष्ट समुद्रापलीकडेही घडली. पोर्तुगिजांनी मलबारच्या किनाऱ्यावर मल्याळम ‘मांङ’ हा शब्द उचलला व त्याचा ‘मांगा’ केला; त्यापासून इंग्रजी ‘मँगो’. या मल्याळम शब्दाची घडण तमिळ ‘मांगाय्’सारखीच, म्हणजे शेवटी ‘काय्’, कच्चे फळ. जगभर आंब्याला जे नाव मिळाले ते अशा रीतीने कैरीचे आहे. इंग्लंडला शिडाच्या जहाजातून पिकलेला आंबा पोहोचणे शक्य नव्हते. पोहोचले ते भरल्या कैरीचे लोणचे. म्हणून अठराव्या शतकातील इंग्रजी पाकपुस्तकांत काकडी किंवा खरबूज पोखरून, आत मसाला भरून, शिरक्यात घालण्याच्या क्रियेलाच ‘मँगो करणे’ असे क्रियापद झाले, आणि अमेरिकेच्या काही भागांत विसाव्या शतकापर्यंत भोपळी मिरचीला ‘मँगो’ म्हणत. दुसरा रस्ता अरबांचा. चौदाव्या शतकातील इब्न बतूता आंब्याला ‘अंबा’ म्हणतो आणि कच्ची पडलेली फळे मिठात घालून जेवणाबरोबर खातात असे नोंदवितो. आज बगदादच्या बाजारात ‘अंबा’ म्हणून जे मिळते ते फळ नव्हे, हळद व मेथी घातलेले आंबट लोणचे. एक शब्द द्राविड, दुसरा आर्य. एक पोर्तुगीज गलबतातून गेला, दुसरा अरबी. परदेशी दोघांचाही अर्थ लोणचे झाला.

राहता राहिला पिकलेल्या आंब्याचा रस. मराठी घरात त्याला नुसते ‘रस’ म्हणतात. हंगामात रस म्हटल्यावर कशाचा, हे कोणी विचारीत नाही. ‘आमरस’ हा शब्द आता सर्वत्र ऐकू येतो, पण त्यातील ‘आम’ मराठी नियमाला धरून नाही; ‘आमचूर’प्रमाणे तेथेही उत्तरेकडील रूप आहे, मग ते पंगतीतून आलेले असो की उपाहारगृहाच्या पाटीवरून. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ व पन्हे ठरलेले, आणि अनेक घरांत अक्षय्य तृतीयेला पितरांना आंबा दिल्यावाचून तो खावयाचा नाही असा दंडक. पंचांगानेही दोन फळांना दोन निराळे दिवस दिले आहेत. पिकलेल्या रसाला टिकविण्याची एकच जुनी रीत कोकणात आहे. ताटाला तुपाचा हात फिरवून रस पातळ पसरतात, उन्हात वाळवितात, वर पुन्हा थर देतात. तिला ‘आंबापोळी’ म्हणतात, काही ठिकाणी ‘साठ’; आणि पाचव्या शतकातल्या त्या पेयाप्रमाणे तिलाही विस्तव लागत नाही.